चार संघांचा आशिया



१ सप्टेंबर १९५६ रोजी हाँगकाँगमध्ये आशियातल्या राष्ट्रीय संघांची पहिली फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. त्या दिवशी आपले हे शहर, तेव्हाचे औरंगाबाद, हैदराबाद राज्यात होते. दोन महिन्यांनी, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचना अमलात आली आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे, पेशाने शाळामास्तर. त्या सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईच्या मैदानांवर घडलेला, जन्माने गोव्यातल्या आसगावचा. म्हणजे ज्या राज्यातून आपण निघालो आणि ज्या राज्यात येऊन पोहोचलो, त्या दोन्ही राज्यांचे फुटबॉल त्या वर्षी जगात चौथ्या क्रमांकावर उभे होते. आणि तरीही हाँगकाँगच्या स्पर्धेत भारत नव्हता. तो तिथे हरला असता तर गोष्ट वेगळी होती. तो गेलाच नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय ही गैरहजेरी आहे. भारतीय फुटबॉलच्या ऱ्हासाची कारणे सांगताना आपण मैदाने, आहार, शरीरयष्टी, क्रिकेटचे आक्रमण अशी यादी वाचतो. ती सगळी कारणे खरी असतील. पण त्याआधीचे एक कारण कागदोपत्री दिसते आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. आशियाई फुटबॉल महासंघाची स्थापना ८ मे १९५४ रोजी मनिला येथे झाली, तेव्हा भारत संस्थापक सभासदांपैकी एक होता. त्या महासंघाने उभी केलेली मुख्य स्पर्धा मात्र भारताने कधीच आपली मानली नाही. ज्या काळात ती स्पर्धा चार संघांची, हलकी, कोणीही आकार द्यावा अशी होती, त्याच काळात आपला संघ सर्वांत चांगला होता. आपण तिच्याकडे पाठ फिरवली, आणि ती मोठी झाली तेव्हा आपल्याला तिच्यात जागा मिळवणे जड जाऊ लागले.

आधी आपल्या ताकदीविषयी, कारण तिच्याविषयी दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ पासूनची. पहिली कित्येक वर्षे ती ब्रिटिश पलटणींची मिरास होती; १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने ती जिंकली तेव्हा प्रथमच हा चषक एका भारतीय संघाकडे गेला. मग १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी हा चषक मुंबईबाहेर नेला. कूपरेजच्या मैदानावर दरवर्षी येऊन मुंबई-कलकत्त्याच्या संघांना हरवून जाणारा हा पोलिसांचा संघ रहीमसाहेबांनी घडवलेला होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १–१० असा मार खाल्ल्यावर राष्ट्रीय संघ जेव्हा नव्याने बांधायची वेळ आली, तेव्हा हैदराबादकडे पाहणे अपरिहार्य होते. मेलबर्नच्या संघात अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, तुलसीदास बलराम ही हैदराबादी नावे होती. त्या स्पर्धेत आपण युगोस्लाव्हियाकडून १–४ आणि बल्गेरियाकडून ०–३ असे हरलो हेही सांगितले पाहिजे. जगात चौथे म्हणजे जगातल्या पहिल्या चार संघांइतके चांगले, असा त्याचा अर्थ नव्हता. पण आशियात पहिल्या दोन-तीनांत, हे निःसंशय.

आता त्या स्पर्धेकडे. हाँगकाँगला १५ सप्टेंबरपर्यंत चाललेल्या पहिल्या आशिया चषकात चार संघ होते: यजमान हाँगकाँग, दक्षिण कोरिया, इस्रायल आणि दक्षिण व्हिएतनाम. साखळी पद्धतीने सहा सामने झाले, दक्षिण कोरिया पाच गुणांनी पहिला आला, इस्रायल चार गुणांनी दुसरा. पश्चिम विभागातून इस्रायल एकही सामना न खेळता आला होता, कारण समोरच्यांनी माघार घेतली. १९६० मध्ये सेऊलला पुन्हा चार संघ: दक्षिण कोरिया, इस्रायल, तैवान, दक्षिण व्हिएतनाम. पुन्हा कोरिया विजेता. १९६४ मध्ये इस्रायलमध्ये चार: इस्रायल, भारत, दक्षिण कोरिया, हाँगकाँग. या नावांची यादी नुसती वाचली तर ती यदृच्छेने जमलेली वाटते. पण तिच्या शेजारी दुसरी एक यादी ठेवून पाहा. एप्रिल १९५५ मध्ये, म्हणजे पहिल्या आशिया चषकाच्या दीड वर्ष आधी, बांडुंग येथे आशिया-आफ्रिकेतल्या २९ देशांची परिषद भरली. नेहरू, सुकार्नो, नासर, चाऊ एन लाय तिथे होते. दक्षिण कोरियाला तिथे जागा नव्हती, इस्रायलला नव्हती, तैवानला नव्हती. हाँगकाँग तर ब्रिटिश वसाहतच. पहिल्या तीन आशिया चषकांत प्रत्येकी चार संघ होते आणि त्या चारांत बांडुंगला गेलेला देश प्रत्येक वेळी फक्त एक होता. पहिल्या दोन वेळा दक्षिण व्हिएतनाम, तिसऱ्या वेळी भारत.

या स्पर्धेच्या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट माझ्या मते हीच आहे. तेव्हा आशिया दोन होते. एक बांडुंगचा: नवस्वतंत्र, अलिप्त, वसाहतवादाविरुद्ध बोलणारा, ज्याचा नकाशा पंतप्रधानांच्या भाषणांतून तयार होत होता. दुसरा, ज्याला त्या नकाशात जागा नव्हती, पण ज्याला ‘आम्हीही आशियाच आहोत’ हे कुठेतरी दाखवायचे होते. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या दक्षिण कोरियाला, शेजाऱ्यांनी बहिष्कृत केलेल्या इस्रायलला, चीन म्हणून आपलीच मान्यता टिकवू पाहणाऱ्या तैवानला ही स्पर्धा हवी होती. बांडुंगच्या आशियाला तिची गरज वाटत नव्हती, कारण त्याच्याकडे आशियाई क्रीडास्पर्धा होत्या, ऑलिंपिक होते, परिषदा होत्या. सुरुवातीची खंडीय स्पर्धा कोण बलवान हे फारसे सांगत नाही. कोणाला हजर राहण्याची निकड आहे, ते सांगते.

हे आशियापुरतेच नाही. दक्षिण अमेरिकेची स्पर्धा १९१६ मध्ये ब्युनोस आयर्सला चार संघांवर सुरू झाली: अर्जेंटिना, उरुग्वे, ब्राझील, चिली. अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीचा तो सोहळा, आणि जिंकला उरुग्वे. युरोपच्या पहिल्या स्पर्धेत १७ देशांनीच नाव दिले. इंग्लंड, पश्चिम जर्मनी, इटली आलेच नाहीत. फ्रँकोच्या स्पेनने उपांत्यपूर्व फेरीत सोव्हिएत संघाशी खेळायला नकार दिला आणि १९६० मध्ये पॅरिसला सोव्हिएत संघ विजेता झाला. आफ्रिकेची पहिली स्पर्धा १९५७ मध्ये खार्टूमला झाली. इजिप्त, सुदान, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका असे चार संस्थापक. दक्षिण आफ्रिका गोरे-काळे एकत्र खेळवायला राजी होईना, तेव्हा तिला बाहेर ठेवले गेले. उरले तीन संघ आणि दोन सामने. अंतिम सामन्यात इजिप्तने इथिओपियाला ४–० हरवले, चारही गोल एकट्या अद-दिबाचे. दोन सामन्यांची अजिंक्यपद स्पर्धा म्हणजे हसण्यासारखीच गोष्ट. पण आफ्रिकेने ती हसण्यावारी नेली नाही. घानाचे एन्क्रुमा यांनी राष्ट्रीय संघ हे राष्ट्रबांधणीचे साधन मानले, १९६३ मध्ये स्पर्धा आपल्या घरी भरवली आणि घानाने ती जिंकली. पुढे १९६६ च्या विश्वचषकावर आफ्रिकेने एकजुटीने बहिष्कार टाकला तो आफ्रिकेला हक्काची एक जागा हवी म्हणून, आणि १९७० मध्ये ती जागा मिळवली. दोन सामन्यांच्या स्पर्धेला त्यांनी आपले घर मानले होते, त्याचे हे फळ.

भारताला आशियात अशी भूमिका घेता आली असती का? माझे उत्तर होय असे आहे, आणि ते केवळ मनोराज्य नाही. दोन्ही आशियांत पाय ठेवू शकणारा देश त्या वेळी भारतच होता. इस्रायलला आपण सप्टेंबर १९५० मध्ये मान्यता दिली होती. पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ पर्यंत नव्हते, पण १९५३ पासून मुंबईत त्यांचा वाणिज्य दूतावास होता. डिसेंबर १९५९ मध्ये सेऊलच्या स्पर्धेची पश्चिम विभागाची पात्रता फेरी कुठे झाली? केरळात, एर्नाकुलमला. इराण, पाकिस्तान, इस्रायल आणि भारत हे चार संघ एकाच गावात, एकाच मैदानावर एकमेकांशी खेळले. आज ही यादी वाचली तरी नवल वाटते. इस्रायलशी खेळायला नकार देण्याची प्रथा ज्या भागात सुरू झाली होती त्याच भागातले हे संघ, आणि त्यांना एका मैदानावर आणू शकणारे एकमेव ठिकाण भारतात निघाले. दुर्दैवाने त्या फेरीत भारत शेवटचा आला आणि इस्रायल सेऊलला गेला. पण यजमान म्हणून त्या दोन-तीन आठवड्यांत भारताने जे केले ते आशियाई महासंघाला त्या काळी दुसऱ्या कोणाकडून करून घेता आले नसते. आपल्या क्रीडा-इतिहासात एर्नाकुलमची नोंद पराभवापुरतीच राहिली, हेही आपल्या नजरेचेच लक्षण.

आता १९६४. याविषयी दोन टोकाची मते आहेत. एक सांगते की भारत आशियात दुसरा आला, ते सुवर्णयुग होते. दुसरे म्हणते की ते उपविजेतेपद पोकळ. पश्चिम विभागातल्या प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतल्यामुळे भारताला पुढे चाल मिळाली, एकूण नाव दिलेल्या संघांतले निम्म्याहून अधिक गळाले, तिथे जाऊन तीन सामने खेळले आणि त्यांतले दोन जिंकले, एवढीच कमाई. या दुसऱ्या मताला तपशिलाने उत्तर द्यायला हवे, कारण त्यातले सगळे तपशील खरे आहेत आणि निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

२७ मे १९६४ रोजी हैफा येथे भारताने दक्षिण कोरियाला २–० असे हरवले. पहिला गोल अप्पलराजूने दुसऱ्याच मिनिटाला केला, दुसरा इंदर सिंगने. समोरचा संघ पहिल्या दोन्ही स्पर्धांचा विजेता होता. २९ मे रोजी जाफा येथे यजमान इस्रायलकडून ०–२ पराभव. २ जूनला रामात गान येथे हाँगकाँगवर ३–१ विजय. गोल इंदर सिंग, सुकुमार समाजपती आणि कर्णधार चुनी गोस्वामी यांचे. इस्रायल सहा गुण, भारत चार. प्रशिक्षक होते इंग्रज हॅरी राइट, कारण रहीमसाहेब आदल्या वर्षी, ११ जून १९६३ रोजी, कर्करोगाने गेले होते. पहिल्या सामन्याची तारीख पुन्हा पाहा. २७ मे १९६४ रोजी दुपारी दिल्लीत पंडित नेहरूंचे निधन झाले. भारताच्या वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी हैफाच्या विजयाला कितीशी जागा मिळाली असणार? आपल्या आठवणीत हा विजय का उमटला नाही, याचे निम्मे उत्तर या तारखेत आहे. उरलेले निम्मे आपल्या संघटनेत.

‘पोकळ’ हा आरोप लावायचा तर तो सगळीकडे सारखा लावावा. १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतले सुवर्णपदक आपण अभिमानाने सांगतो. त्या फुटबॉल स्पर्धेत सहा संघ होते, युद्धात सापडलेला कोरिया नव्हता, आणि इराणविरुद्धचा अंतिम सामना मेवालालच्या एका गोलावर सुटला. मेलबर्नला तर पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पुढे चाल मिळाली. एकूण ११ संघांच्या त्या स्पर्धेत भारताने प्रत्यक्ष एकच सामना जिंकला आणि तो चौथा आला. तो चौथा क्रमांक पोकळ आहे असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. जाकार्ता १९६२ चे सुवर्ण तर आपल्या फुटबॉलचे शिखर. अंतिम सामन्यात पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांच्या गोलांनी कोरियाला २–१ हरवले. पण इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांना प्रवेशच दिला नव्हता. त्या प्रकरणात भारताचे क्रीडा-प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला म्हणून जाकार्तातल्या गर्दीने भारतीय वकिलातीवर मोर्चा नेला आणि अंतिम सामन्यात आपल्या खेळाडूंची हुर्यो उडवली. म्हणजे माघार, बहिष्कार, पुढे चाल या गोष्टी त्या काळच्या प्रत्येक पदकाला चिकटलेल्या आहेत. त्या फक्त १९६४ च्या उपविजेतेपदातून वजा करायच्या आणि बाकीच्यांत तशाच ठेवायच्या, ही हिशेबाची रीत नव्हे.

कोरियाने त्या स्पर्धेला आपला पहिल्या फळीचा संघ पाठवला नव्हता, असाही एक आक्षेप घेतला जातो. घटकाभर तो मान्य करू. मग त्याचा अर्थ एवढाच की कोरियालाही त्या वर्षी ही स्पर्धा दुय्यम वाटली. दुय्यम वाटणाऱ्या स्पर्धेत जो पूर्ण गंभीरपणे उतरतो तो तिचे वजन वाढवतो. १९६४ मध्ये भारताने तेच केले होते. त्यात सातत्य राहिले असते तर आज हा विषय व्याख्यानाला निवडण्याची गरज पडली नसती.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण ते आपल्या भाषेशी संबंधित आहे. भारतीय संघ हैफा, जाफा, रामात गानला खेळत होता त्याच महिन्यांत, त्याच देशात, मराठी बोलणारी हजारो माणसे आपण पूर्ण ज्यू आहोत हे मान्य करून घेण्यासाठी झगडत होती. कोकणातून गेलेल्या बेने इस्रायल समाजाच्या विवाहांबाबत तिथल्या धर्मपीठाने शंका घेतली होती. त्याविरुद्ध आंदोलन झाले आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. कोण आपला आणि कोणाला मोजायचे, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात फुटबॉलच्या मैदानापुरता नव्हता.

मूळ मुद्द्याकडे येतो. आपण या स्पर्धेला आपले का मानले नाही? पहिले उत्तर नेहमी पैशाचे दिले जाते. परकीय चलनाची टंचाई होती, संघ परदेशी पाठवणे परवडत नव्हते. टंचाई खरीच होती, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या सुरुवातीलाच चलनाचे संकट आले. पण हाँगकाँगहून कितीतरी लांब असलेल्या मेलबर्नला त्याच वर्षी संघ गेला. १९५९ मध्ये मर्डेका स्पर्धेसाठी तो क्वालालंपूरला गेला आणि तिथे दुसरा आला. १९५० मध्ये तर ब्राझीलच्या विश्वचषकात आपल्याला जागा मिळाली होती, प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायला यजमान तयार होते, आणि तरीही आपण गेलो नाही. अनवाणी खेळण्यावर बंदी होती म्हणून गेलो नाही, ही कथा गोड आहे, पण त्या वेळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीच पुढे सांगितले की आमच्या लेखी तेव्हा ऑलिंपिक हेच सर्वस्व होते. पैसा आडवा आला असता तर तो सगळीकडे सारखा आडवा आला असता. तो निवडक ठिकाणी आडवा येतो, तेव्हा ठरवणारे दुसरे काहीतरी असते.

ते दुसरे काहीतरी दुहेरी होते. एक, ऑलिंपिकची हौशी खेळाची कल्पना, जिच्यापुढे व्यावसायिक खेळाडूंनाही मोकळ्या असलेल्या इतर सगळ्या स्पर्धा खालच्या दर्जाच्या वाटत. दुसरे अधिक खोलवरचे: आपल्या फुटबॉलचे वर्ष राष्ट्रीय संघासाठी आखलेलेच नव्हते. कलकत्त्याची लीग, आयएफए शील्ड, मुंबईचा रोव्हर्स, दिल्लीचा ड्युरंड, आणि मध्ये संतोष करंडक. लोक येत, तिकिटे खपत, क्लबांच्या आणि प्रांतांच्या अब्रूचा प्रश्न असे. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्याला जी गर्दी, ती राष्ट्रीय संघाला क्वचितच. अखिल भारतीय महासंघ १९३७ चा. देशव्यापी लीग त्याने १९९६ मध्ये सुरू केली. मधल्या साठ वर्षांत त्याचा कारभार म्हणजे प्रांतिक संघटनांच्या तारखांत मेळ घालणे. ज्या रोव्हर्स चषकाचा मघाशी मी गौरवाने उल्लेख केला तोच या दुखण्याचा भाग होता. हैदराबाद सिटी पोलीस पाच वर्षे तो जिंकत राहिले. त्या संघाची गुणवत्ता राष्ट्रीय संघात आली ती रहीम या एका माणसाच्या दुहेरी नेमणुकीमुळे. तो माणूस गेला, आणि दोन्हींना जोडणारी यंत्रणाच नव्हती हे उघड झाले.

यावर एक शहाणा आक्षेप असा येईल की, फुटबॉल महासंघाकडून परराष्ट्रधोरणाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. इस्रायल असलेल्या स्पर्धेचा पाठपुरावा भारताने केला असता तर अरब देशांशी संबंध बिघडले असते, आणि खेळाडूंनी तो भार का उचलावा? आक्षेपात तथ्य आहे. पण १९५९ मध्ये आणि १९६४ मध्ये तो भार उचलला गेलाच होता, एकदा यजमान म्हणून, एकदा पाहुणा म्हणून, आणि त्याने भारत-अरब संबंधांचे आकाश कोसळले नाही. शिवाय हा अडथळा कायमचा नव्हता. १९७४ मध्ये इस्रायलला आशियाई महासंघातून बाहेर काढण्यात आले. त्यानंतर तरी भारताला ही स्पर्धा अवघड जागीचे दुखणे राहिली नव्हती. तोवर मात्र खेळ बदलला होता. १९६८ ला तेहरानमध्ये इराणने इस्रायलला २–१ हरवून चषक घेतला, १९७२ आणि १९७६ मध्ये तो राखला; पुढे तेलाच्या पैशावर आखाती देश उभे राहिले. चार संघांच्या स्पर्धेत आकार द्यायला जी जागा होती ती सोळा संघांच्या स्पर्धेत राहत नाही.

या सगळ्यात सर्वांत न समजणारी गोष्ट वेगळीच आहे. १९६४ हे वर्ष दुसऱ्या अर्थानेही वळणाचे होते. त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकची पात्रता फेरी आपण इराणकडून हरलो. १९६० चे रोम, जिथे आपण फ्रान्सला १–१ असे रोखले, ते भारताचे आजवरचे शेवटचे ऑलिंपिक फुटबॉल. म्हणजे ज्या दरवाजासाठी आपण बाकी सगळे सोडले होते तो बंद झाला, आणि ज्या दरवाजाकडे पाठ होती तिथे त्याच वर्षी आपण दुसरे उभे होतो. कोणत्याही व्यवहारी संघटनेने तिथून पुढे आशिया चषक हे पहिले उद्दिष्ट ठरवले असते. आपण तसे केले नाही. पुढच्याच स्पर्धेला भारत पात्र ठरला नाही. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळाले आणि ते शेवटचे. आशिया चषकात आपण परतलो ते वीस वर्षांनी, १९८४ मध्ये सिंगापूरला. तिथे आपला एकही गोल झाला नाही. मग २०११. मग २०१९, जेव्हा थायलंडला ४–१ हरवून भारताने या स्पर्धेत १९६४ नंतरचा पहिला विजय मिळवला. मधे ५५ वर्षे.

काही मंडळी म्हणतात की हे सगळे उगाळून आता काय उपयोग. क्रिकेटच्या देशात फुटबॉलच्या साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या अब्रूचा हिशेब कोणाला हवा? त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की हा हिशेब जुना नाही, चालू आहे. २०२४ च्या जानेवारीत कतारला झालेल्या स्पर्धेत भारत तीनही सामने हरला आणि एकही गोल करू शकला नाही. २०२७ च्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, सिंगापूरने आपल्याला २–१ हरवले आणि तो दरवाजाही बंद झाला. या पराभवांचे खापर प्रशिक्षकांवर फुटले, खेळाडूंवर फुटले, लीगच्या कारभारावर फुटले, आणि त्यात काही अंशी न्यायही असेल. पण हजर राहण्याबद्दलची आपली अनास्था या संघाच्या आधीची आहे. मनिलाच्या बैठकीत बसलेल्या देशांपैकी हाँगकाँगने ही स्पर्धा भरवली, दक्षिण कोरियाने भरवली, सिंगापूरने भरवली, जपानने भरवली. व्हिएतनाम आणि इंडोनेशिया यांनीही २००७ मध्ये सहयजमान म्हणून भरवली. भारताने ती एकदाही भरवलेली नाही. २०२७ साठी आपण यजमानपदाचा अर्ज केला होता, अखेरच्या टप्प्यात आपण आणि सौदी अरेबिया असे दोघेच उरलो होतो, आणि डिसेंबर २०२२ मध्ये भारतीय महासंघाने तो अर्ज मागे घेतला.